सहा शरणपुरं आणि ख्रिस्तातलं तारण: घरसभेत हा पाठ कसा घ्यायचा

शरणपुरांवरचा संदेश बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो आणि तो साधारण एकाच साच्यातला असतो, म्हणजे जुन्या करारात सहा नगरं होती, ज्याच्या हातून नकळत माणूस मेला तो तिथे पळून जायचा आणि वाचायचा, तसंच आपण येशूकडे पळून जायचं, आमेन. दहा मिनिटांत विषय आटोपतो. यात खोटं काही नाहीये, पण इतक्या घाईत सांगितलं की त्यातलं सगळ्यात मोलाचं तेच राहून जातं. माझं म्हणणं असं की आधी कायदा हा कायदा म्हणून नीट वाचा, मेलेल्या माणसाचं घर, पळणाऱ्याची भीती, वेशीवर बसलेले गावचे वडील म्हणजे वडीलधारे पुढारी, हे सगळं डोळ्यांसमोर येऊ द्या आणि मग ख्रिस्ताकडे या, आणि आल्यावर जे जुळतं ते सांगा, जे जुळत नाही तेही सांगा, कारण जिथे जुळत नाही तिथेच सुवार्ता जास्त मोठी दिसते.

घरसभा, तरुण संघ, महिला मंडळ, संडे स्कूलची मोठी मुलं, कुठेही हा पाठ चालतो. सव्वा तास तरी हाताशी ठेवा, दोन आठवडे मिळाले तर उत्तमच.

आधी वाचन, आणि क्रम बदलू नका

चार उतारे आहेत. निर्गम २१:१२-१४, मग गणना ३५:९-३४, मग अनुवाद १९:१-१३ आणि शेवटी यहोशवा २०. वेगवेगळ्या लोकांना मोठ्याने वाचायला सांगा, एकानेच सगळं वाचलं की तिसऱ्या मिनिटाला लोकांचं लक्ष उडतं.

निर्गममधल्या तीन वचनांत सगळ्याचं बी आहे. सीनाय डोंगरापाशी, कनान देश अजून हातात नाही, एकही नगर नाही, तेव्हाच देव म्हणतो की ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याच्यासाठी मी पळून जायला एक जागा नेमीन, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की जाणूनबुजून कपटाने जीव घेणाऱ्याला मात्र माझ्या वेदीजवळूनसुद्धा ओढून काढा. दोन्ही वाक्यं एकमेकांना चिकटून आहेत, ती तशीच राहू द्या, एक घेऊन दुसरं सोडू नका.

गणना ३५ हा मुख्य उतारा. वाचताना लोकांना काही खुणा करायला सांगा: लोखंडाचं हत्यार, हातातला दगड, लाकडी हत्यार, द्वेष, दबा धरणं, आणि दुसऱ्या बाजूला अचानक, वैर नसताना, न बघता. न्याय मंडळीने करायचा. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला मरणदंड नाही. जिवाच्या बदल्यात पैसे घेऊन प्रकरण मिटवायचं नाही, आणि शरणपुरात पळालेल्याला पैसे घेऊन लवकर घरी सोडायचं नाही. ही पैशांची गोष्ट बाजूला लिहून ठेवायला सांगा, पुढे लागणार आहे. आणि १५वं वचन तर अधोरेखित करूनच घ्या, ही सहा नगरं इस्राएली माणसासाठी, परदेशी माणसासाठी आणि त्यांच्यात राहायला आलेल्या उपऱ्यासाठीसुद्धा आहेत.

इथे "रक्तपाताचा सूड घेणारा" कोण हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्यांच्या मनात तो व्हिलन होऊन बसतो. तेव्हा पोलीस ठाणं नव्हतं, सरकारी वकील नव्हता. मेलेल्या माणसाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच त्याच्या बाजूने उभा राहणारा. लेवीय २५ बघा, गरिबीत विकली गेलेली भावाची जमीन सोडवायची, परक्याच्या घरी गुलाम झालेल्याला विकत घेऊन मोकळं करायचं, हेही जवळच्या नातेवाइकाकडेच यायचं, बवाजानेही रूथसाठी तेच केलं. तर हा माणूस आपलं कर्तव्य करायला निघालेला आहे, त्याच्या घरात प्रेत आहे. कायदा त्याला दुष्ट ठरवत नाही, त्याच्या रागाला कुंपण घालतो.

नकाशा काढा, जमिनीवरच

हॉल असेल तर खडूने, घर असेल तर दोरी टाकून, मधोमध उभी यार्देन नदी दाखवा. वरती गालील समुद्र, खाली क्षार समुद्र (म्हणजे मृत समुद्र). आता नदीच्या पश्चिमेला तीन कागद ठेवा, उत्तरेला केदेश (गालीलात, नफतालीच्या डोंगराळ भागात), मध्ये शखेम (एफ्राईमचा डोंगराळ प्रदेश), दक्षिणेला हेब्रोन (यहूदात). पूर्वेला तीन, उत्तरेला बाशानातलं गोलान, मध्ये गिलादातलं रामोथ, दक्षिणेला रऊबेनाच्या पठारावर बेसेर. बघता बघता दोन ओळी तयार होतात, समोरासमोर. पूर्वेकडची तीन मोशेने स्वतः नेमली (अनुवाद ४:४१-४३), पश्चिमेकडची यहोशवाच्या काळात नेमली गेली.

मग एखाद्याला खोलीत कुठेही उभं करा आणि विचारा, तुला सगळ्यात जवळचं कोणतं? कुठेही उभा केला तरी एखादं नगर आवाक्यात येतंच. अनुवाद १९:३ मध्ये देशाचे तीन भाग पाडून रस्ता तयार ठेवायला सांगितलंय ते याचसाठी, आणि सहाव्या वचनात कारणही दिलंय, रस्ता लांब पडला तर संतापलेला नातेवाईक त्याला गाठेल आणि मरणाला पात्र नसलेला माणूस मारला जाईल. देव इथे अंतराचा हिशोब करतोय. हे वाक्य सावकाश म्हणा, मुलांना लगेच कळतं.

ही नगरं खरी होती हेही सांगा. शखेम आजच्या नाब्लुस शहराला लागून आहे, एबाल आणि गरिज्जीम या दोन डोंगरांच्या मधे. हेब्रोन यरुशलेमच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर, आजही मोठं शहर आहे. बेसेरचं नाव मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात सापडतं, इसवी सनापूर्वीच्या ९व्या शतकातला तो दगड १८६८ साली यार्देनपलीकडे मिळाला आणि आता पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, त्यात राजा सांगतो की बेसेर पडीक झालं होतं ते मी पुन्हा बांधलं. सहाही नगरं लेव्यांची, त्यांच्या एकूण ४८ नगरांपैकी. म्हणजे पळून येणारा माणूस किल्ल्यात किंवा छावणीत जात नव्हता, देवाचं नियमशास्त्र शिकवणाऱ्या लोकांच्या शेजारात राहायला जात होता.

एक माणूस उभा करा

आता अनुवाद १९:५ घ्या आणि घाई करू नका. दोघं जण लाकडं तोडायला रानात गेलेत. वैर नाही, भांडण नाही, सकाळी बहुतेक बरोबरच निघाले असतील. एकाने झाडावर घाव घातला, दांड्यातून कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि दुसऱ्याला लागलं, तो जागीच गेला. आता हा काय करणार? गावात बातमी जाईल, त्याच्या भावाला कळेल. याने मुद्दाम केलं नाही हे खरं, पण मित्र मेला हेही खरं. घरी जाऊन बायकोला सांगायलाही वेळ नाही. पळायचं.

यहोशवा २०:४ इथेच जोडा. हा माणूस धापा टाकत वेशीपाशी येतो आणि तिथेच थांबतो. थांबून नगराच्या वडिलांना स्वतःच्या तोंडाने काय झालं ते सांगतो, मग ते त्याला आत घेतात आणि राहायला जागा देतात. सूड घेणारा पाठोपाठ आला तरी त्याच्या हवाली करत नाहीत. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना वडील करा, एकाला तो माणूस करा आणि म्हणा बोल, काय सांगशील? गप्पगप्प बसणारी पोरंसुद्धा इथे बोलतात. बहुतेक जण पहिल्यांदा "माझी चूक नव्हती" म्हणतात, मग कुणीतरी म्हणतं "माझ्या हातून माणूस गेला". दुसरं वाक्य पकडा. ज्यूंच्या मिश्ना या जुन्या नियमग्रंथात, मक्कोत नावाच्या भागात असं दिलंय की शरणपुरात राहणाऱ्याला गावकरी मान द्यायला लागले तर त्याने सांगायचं, मी माणूस मारलेला आहे, आणि तरीही ते म्हणाले असू दे, तर मग स्वीकारायचं. पापकबुली या विषयावर मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही, आणि ते आपल्या नाही तर ज्यू परंपरेतून आलंय हे मोकळेपणाने सांगा.

आत गेला म्हणजे सुटला असंही नाही. मंडळीसमोर न्याय व्हायचाच होता. मुद्दाम मारलं असं ठरलं तर अनुवाद १९:१२ प्रमाणे त्याच्या गावचे वडील माणसं पाठवून त्याला परत आणायचे आणि सूड घेणाऱ्याच्या हाती द्यायचे. नकळत झालं असं ठरलं तर परत शरणपुरात, आणि तिथून बाहेर पाऊल टाकायचं नाही, हद्दीबाहेर सापडला आणि मारला गेला तर मारणाऱ्यावर दोष नाही (गणना ३५:२६-२८). किती दिवस? वर्ष नाही, दहा वर्षं नाही. मुख्य याजक मरेपर्यंत.

पाठाचं काळीज इथे आहे

हे वाचल्यावर कुणीतरी विचारतंच, आणि नाही विचारलं तर तुम्ही विचारा, की मुख्य याजकाचा इथे काय संबंध? तो तर लांब मंडपात सेवा करतोय, त्याला या माणसाचं नावसुद्धा माहीत नसेल. गणना ३५ मध्ये कारण दिलेलं नाही. पण धडा पुढे वाचा, ३३व्या वचनात म्हटलंय की रक्ताने देश विटाळतो आणि सांडलेल्या रक्ताबद्दल प्रायश्चित्त रक्त सांडणाऱ्याच्या रक्तानेच होतं. मग नकळत मारणाऱ्याचं काय? त्याचा जीव घ्यायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, पण कुणीतरी मेलेलं आहे ते तर तसंच आहे. या सगळ्याला पूर्णविराम एकाच गोष्टीने मिळतो, पवित्र तेलाने अभिषेक झालेल्या याजकाच्या मरणाने. मी तरी हे असंच वाचतो की इस्राएलाच्या बारा वंशांची नावं छातीवर घेऊन देवापुढे जाणारा जो एक माणूस, त्याचं मरण या हिशोबात धरलं जातंय.

त्या दिवसाची कल्पना करायला सांगा. बातमी निघते, मुख्य याजक वारला. सगळा देश रडतोय आणि सहाही नगरांत, केदेशपासून बेसेरपर्यंत, कुठे तीन महिन्यांपूर्वी आलेला, कुठे वीस वर्षं काढलेला, सगळे एकाच दिवशी मोकळे. सूड घेणाऱ्याचा हक्क संपला. प्रत्येक जण आपल्या वतनाच्या जमिनीकडे परत निघतो, २८व्या वचनात तेच लिहिलंय. मक्कोतमध्येच अशी नोंद आहे की मुख्य याजकांच्या आया या लोकांना अन्न आणि कपडे पुरवायच्या, या लोकांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी प्रार्थना करू नये म्हणून. एका आईने शिदोरी बांधून पाठवायची, कारण तिच्या मुलाच्या मरणावर परक्यांची सुटका टांगलेली आहे. हे सांगून जरा थांबा आणि लोकांना स्वतःच मरीयेपर्यंत पोहोचू द्या, तुम्ही सांगायची गरज पडत नाही.

आणि आता इब्री लोकांस पत्र उघडा. ६:१८-२० वाचा. आश्रयासाठी धाव घेतलेले आपण, पुढे ठेवलेली आशा घट्ट धरणारे, आणि लगेच पडद्याच्या आत आपल्यासाठी गेलेला येशू, कायमचा मुख्य याजक झालेला. आश्रयाला धावणं आणि मुख्य याजक, दोन्ही तीन वचनांच्या आत. लेखकाने शरणपुरांचं नाव घेतलेलं नाही, ते तुम्हीही ओढूनताणून त्याच्या तोंडी घालू नका, पण ज्याने गणना ३५ आत्ताच वाचलंय त्याला हे जोडून दाखवावं लागत नाही. त्यानंतर ७:२३-२५ आणि ९:११-१५ वाचा. शेवटच्या वचनात मरण झाल्यामुळे सार्वकालिक वतनाचं वचन मिळतं असं आहे, आणि याजक मेल्यावर वतनाच्या जमिनीवर परतणारा माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर अजून ताजा असतो. मघाशी बाजूला लिहून ठेवलेली पैशांची गोष्ट इथे काढा, १ पेत्र १:१८-१९ वाचा, सोन्यारुप्याने नाही तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने सोडवलेले.

जिथे जुळत नाही तिथे घाबरू नका

प्रतीक हे कागदावर पडलेल्या सावलीसारखं असतं, आकार कळतो पण चेहरा दिसत नाही. म्हणून फरक मांडायला एक वेगळा भाग ठेवाच.

सगळ्यात मोठा फरक गुन्हेगाराचा. शरणपूर हे फक्त नकळत मारणाऱ्यासाठी होतं, जाणूनबुजून मारणाऱ्याला तिथे थारा नव्हता. आता वधस्तंभाकडे बघा. "हे पित्या, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही" ही प्रार्थना लूक २३:३४ मध्ये आहे. पेत्र मंदिरातल्या शलमोनाच्या देवडीत उभा राहून म्हणतो की तुम्ही जीवनाच्या अधिपतीला मारलंत, आणि पुढे म्हणतो, मला माहीत आहे की तुम्ही ते अज्ञानाने केलंत, तर पश्चात्ताप करा (प्रेषितांची कृत्ये ३:१५-१९). पौलही १ तीमथ्य १:१३ मध्ये अज्ञानाचंच नाव घेतो आणि दोनच वचनांनी स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हणतो. मला या तीन जागा एकत्र वाचल्या की फार हलायला होतं, कारण जगातला सगळ्यात उघड, खटला चालवून, खिळे ठोकून केलेला जीवघात, आणि त्यावर खुद्द ज्याला मारलं तोच शरणपुराचा दरवाजा उघडतो. दावीद बघा, उरीयाला त्याने पत्र पाठवून, ठरवून मारवलं, एकाही शरणपुराने त्याला आत घेतलं नसतं, आणि ५१वं स्तोत्र त्याच्या नावावर आहे. तेव्हा "मी चुकून नाही, मुद्दाम केलं होतं" असं मनात धरून बसलेला कुणी तुमच्या घरसभेत असेल तर हा फरक त्याच्यासाठी आहे, तो स्पष्ट बोला.

दुसरा फरक याजकाचा. तिथला याजक म्हातारा होऊन मरायचा, कुणासाठी म्हणून नाही. येशू आपण होऊन मेला, आणि मेलेला राहिला नाही. तिथे सुटका कधी होईल याची वाट बघावी लागायची, इथे मरण होऊन गेलंय. आणि तिथे याजक मेला की माणूस नगर सोडून निघायचा, इथे सुटका झालेल्यालाच सांगितलंय "माझ्यामध्ये राहा" (योहान १५:४). नगर वेगळं आणि याजक वेगळा होता, ख्रिस्तात दोन्ही एकच आहेत, म्हणून जुन्या चित्राच्या रेषा इथे एकमेकींवर चढतात. चढू द्या.

हेब्रोनच्या वेशीतला अबनेर

वेळ असेल तर ही गोष्ट घ्या, तरुणांना जबर पकडते. २ शमुवेल २ मध्ये असाएल हा हरणासारखा चपळ पोरगा लढाईनंतर शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर याच्या पाठी लागतो, अबनेर त्याला परत परत सांगतो बाबा वळ, दुसऱ्या कुणाला धर, तो ऐकत नाही आणि अबनेराच्या भाल्याच्या मागच्या टोकाने मरतो. पुढच्या अध्यायात असाएलाचा भाऊ, दावीदाचा सेनापती यवाब अबनेराला परत बोलावून घेतो, काहीतरी खाजगी बोलायचंय असं दाखवून वेशीत बाजूला नेतो आणि पोटात वार करून मारतो. कुठे? हेब्रोनात. शरणपुराच्या वेशीत.

इथे वाहवत जाऊ नका. अबनेर शरण मागायला आला होता असं लिहिलेलं नाही, तो दावीदाशी करार करून शांतपणे निघून गेला होता. "एक पाऊल आत टाकलं असतं तर वाचला असता" हे व्यासपीठावर टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, वचनात त्याला आधार नाही. जे लिहिलंय तेच पुरेसं भयंकर आहे, दावीद रडत म्हणतो की अबनेराने मूर्खासारखं मरावं काय. आणि गोष्ट संपते १ राजे २ मध्ये. म्हातारा यवाब परमेश्वराच्या मंडपात पळून जातो, वेदीची शिंगं धरतो आणि तिथेच बनाया त्याला मारतो, कारण शलमोन म्हणतो की अबनेर आणि अमासा या दोघांचं रक्त याने विनाकारण सांडलं. सुरुवातीला वाचलेलं निर्गम २१:१४ पुन्हा एकदा काढायला सांगा.

ऐकीव गोष्टी वेगळ्या ठेवा

शरणपुराची दारं रात्रंदिवस उघडी असायची, हे बायबलमध्ये नाही. चौकाचौकात "आश्रय" लिहिलेल्या पाट्या असायच्या, हे ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात आहे, बायबलमध्ये फक्त रस्ता तयार ठेवा एवढंच आहे. पाट्यांची गोष्ट सुंदर आहे, जरूर सांगा, फक्त "ज्यू शिक्षक असं सांगतात" म्हणून सांगा. सहा नगरांच्या नावांचे अर्थ काढून प्रत्येकात ख्रिस्ताचा एक गुण बघायची पद्धतही फार चालते. एखाद-दुसरं नाव बसतं, गोलानसारख्या नावाला मात्र वाटेल तो अर्थ चिकटवला जातो. मी ते पूर्ण वगळतो. पाठ त्यावर उभा केला आणि कुणी शब्दकोश उघडला तर सगळा इमला डगमगतो, आणि खरं तर गरजच नाहीये.

ज्यू लोकांविषयी बोलताना जपून बोला. हा उतारा आजही दरवर्षी उन्हाळ्यात सभास्थानांत वाचला जातो, आणि आपल्या कोकणातले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल लोकही तोच वाचतात. "त्यांच्याकडे फक्त सावली होती" असल्या भाषेने तारणाचा मोठेपणा वाढत नाही.

नाशिकचं शरणपूर

मराठी मंडळीत हा पाठ घेताना नाशिक सोडून कसं चालेल. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, बहुतेकांना नाव कुठून आलं ते ठाऊक नाही. १९व्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला बायबलमधल्या या नगरांवरून नाव मिळालं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी मुलं ब्रिटिश आरमाराने जहाजांवरून सोडवली, त्यातली बरीच इथे आणली गेली, शिकली, हातात काम घेतलं. त्यातलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या बरोबरच्या लोकांनी मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला, जेकब त्यांच्यात होता, तो पुढे इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या दफनविधीला शवपेटीच्या सोबत चालला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची फ्रीअरटाऊन ही वस्ती वसली तेव्हा नाशिकला वाढलेले कितीतरी जण तिकडे गेले.

या मुलांनी कुणाला मारलं नव्हतं, उलट त्यांच्यावरच अन्याय झाला होता, म्हणून ही गोष्ट गणना ३५ शी तंतोतंत जुळवू नका. ती १५व्या वचनापाशी सांगा, परदेशी आणि उपरा इथे. आणि बरोबर ४६वं स्तोत्र वाचा, देव आपला आश्रय.

एका गोष्टीबाबत कडक राहा

शरणपुराचं नाव घेऊन मंडळीत गुन्हा झाकायचा प्रयत्न होतो, म्हणजे "देवाने क्षमा केली, आता विषय संपवा, पोलिसांकडे कशाला जायचं". हा पाठ त्याच्या बरोबर उलट सांगतो. शरणपुरात न्याय टळत नव्हता, साक्षीपुरावे होत होते, श्रीमंताला पैसे टाकून सुटता येत नव्हतं आणि मुद्दाम करणाऱ्याला परत पाठवत होते. ज्याचं माणूस गेलं किंवा ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला बोलायला, तक्रार करायला मंडळीनेच साथ द्यायची. क्षमा मिळालेला माणूस शिक्षाही भोगू शकतो, येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराने दोन्ही एकाच दुपारी बघितलं.

पाठ संपल्यावर लगेच उठू नका

शेवटची प्रार्थना झाली की चहा येतो, लोक पांगतात. तुम्ही थोडा वेळ मोकळे राहा. या विषयानंतर हमखास कुणीतरी मागे रेंगाळतं, गाडीखाली माणूस आलेला ड्रायव्हर असेल, हातून लहान मूल निसटून पाण्यात गेलं म्हणून वर्षानुवर्षं जळणारी मावशी असेल, दवाखान्यात न्यायला उशीर केला म्हणून स्वतःला दोष देणारा मुलगा असेल. त्यांना घाईघाईत "तुमची काही चूक नव्हती हो" असं म्हणू नका, ते त्यांना शंभर जणांनी सांगून झालंय. गणना ३५ ने तसं म्हटलेलंच नाही, चूक नसली तरी ओझं खरं आहे हे मान्य केलं आणि त्या ओझ्यासकट राहायला एक जागा दिली, शेजारी दिले. आधी पूर्ण ऐका, मधे वचन टाकू नका. कोर्टकचेरी चालू असेल तर ती चालू राहील, त्यात खोटं बोलायला मदत करायची नाही, पण तारखेला सोबत जा. मेलेल्याच्या घरच्यांना भेटायची इच्छा असेल तर पाळकसाहेबांना विचारून, त्या घराची तयारी आहे का ते आधी कळवून घेऊन, मगच. आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये तो माणूस दिसला तर त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसा.